वाचकांचे प्रश्न : रणातले पाणी आणि त्याचे वेळापत्रक

गेल्या अंकातील कच्छच्या रणावरील लेखात मी असे लिहिले होते की, वाळवंटातील पाणथळ सुधारणे म्हणजे तिच्यात बारा महिने पाणी साठवणे नव्हे. पूर्वी ती ज्या काळात भरत असे त्या काळात तिला भरू देणे आणि ज्या काळात आटत असे त्या काळात आटू देणे, हे त्या कामाचे सार आहे. या विधानावर बरीच पत्रे आली. काही वाचकांना ते पटले नाही, काहींना त्या कामात उतरायचे आहे, तर एका वाचकाने थेट अमेरिकेतील वाळवंटाचा दाखला पुढे ठेवला आहे. निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहे.

प्रश्न : मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. ऑक्टोबरपासून चार महिन्यांसाठी कच्छमधील बन्नी आणि छोटे रण या भागांत पाणपक्षी व अधिवास यांच्या पाहणीसाठी साहाय्यक म्हणून काम मिळत आहे. मानधन बेताचेच आहे. घरच्यांचे म्हणणे असे की, पक्षी मोजण्यात चार महिने घालवून हाती काय लागणार? तेथे नेमके काय काम असते आणि तयारी काय करावी? — एक वाचिका, नाशिक

घरच्यांच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ती शंका रास्त आहे. चार महिन्यांत नोकरीची हमी मिळत नाही. परंतु ऑक्टोबर ते जानेवारी या काळात त्या भागात राहिलेल्या माणसाला भरलेली पाणथळ डोळ्यांदेखत आटताना पाहायला मिळते आणि ते पाहणे पुस्तकातून होत नाही. आपण पोहोचाल तेव्हा बन्नीतील उथळ तळी, ज्यांना तेथे ढंढ म्हणतात, पाऊस बरा झाला असेल तर काठोकाठ भरलेली असतील. परतताना त्याच जागी भेगाळलेल्या चिखलाचे पट्टे दिसतील. या दोन टोकांच्या मध्ये दर आठवड्याला पाणी किती उतरले, किती खारट झाले, त्यात काय वाढले आणि ते खायला कोण आले, याची अखंड नोंद ठेवणे हेच आपले काम असेल.

प्रत्यक्षात दिवस पहाटे सुरू होतो. याला कारण आहे. सूर्य वर आला की रणाच्या सपाटीवर मृगजळ उठते, दूरचे पक्षी हवेत तरंगल्यासारखे दिसू लागतात, त्यांचे पाय आणि प्रतिबिंबे एकमेकांत मिसळतात, आणि मग उत्तम दुर्बिणीतूनही मोजणी विश्वासार्ह राहत नाही. म्हणून मोजणी उजाडताच किंवा दिवस कलल्यावर करायची. क्रौंच आणि कांड्या करकोचे, ज्यांना कच्छी लोक कुंज म्हणतात, दिवसा शेतांत आणि गवतात चरतात व रात्री उथळ पाण्यात उभे राहून विसावतात. त्यामुळे छारी ढंढसारख्या ठिकाणी ते संध्याकाळी उतरताना आणि पहाटे उठताना मोजले जातात. आधी दहा पक्षी नीट मोजून त्या दहांचा आकार डोळ्यांत बसवायचा, मग शंभरांचे गट धरत पुढे जायचे. दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता मोजावे, आकडे वहीत उतरवावेत आणि नंतरच ताडून पाहावेत. आकड्यांत तफावत आली तर लाजून मधला आकडा लिहू नये. दोन्ही आकडे लिहावेत.

पक्ष्यांच्या मोजणीइतकाच वेळ पाण्याला द्यावा लागतो. ठरलेल्या खुणांवर पाण्याची खोली, तापमान आणि क्षारता मोजणे, एक मीटरच्या चौकटीत कोणते गवत किती आहे ते लिहिणे, बारीक जाळीतून पाणी गाळून त्यात कोणते जीव आहेत ते पाहणे, आणि त्याच जागेवरून त्याच दिशेने पुन्हा पुन्हा छायाचित्र घेणे, ही कामे रटाळ वाटतात. नवख्या मुलामुलींकडून येथेच चूक होते. ज्या दिवशी एकही पक्षी दिसत नाही त्या दिवशी वही कोरी ठेवली जाते. तसे करू नका. शून्य ही नोंद आहे. पाणी असूनही पक्षी नव्हते, ही माहिती कित्येकदा मोठ्या थव्यापेक्षा मोलाची ठरते. आपल्याकडे दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून चालू आहे आणि तिचे बळ याच सातत्यात आहे. शक्य असेल तर त्या गणनेच्या वेळी तेथे असाच.

तयारीविषयी. रणाचा पृष्ठभाग वरून कोरडा, पांढरा आणि टणक दिसतो, पण त्या पापुद्र्याखाली वीतभर किंवा त्याहून खोल ओला चिखल असू शकतो. माझ्या पहिल्याच हंगामात चालकाला आग्रह करून मी गाडी जुन्या चाकोरीबाहेर घ्यायला लावली. ती आसापर्यंत रुतली आणि आम्ही रात्र तेथेच काढली. सकाळी रणात मीठ पिकवणाऱ्या अगरिया कुटुंबातील माणसांनी फळ्या टाकून ती बाहेर काढली. तेव्हापासून स्थानिक माणूस जेथे थांबतो तेथे मी थांबतो. पाणी हिशेबापेक्षा दुप्पट न्या, डोळ्यांवर गडद चष्मा हवाच, कारण मिठावरून परतणारे ऊन डोळे भाजून काढते, आणि पायांना रोज रात्री तेल लावा. पक्षी पकडणे, कडी घालणे, अंडी हाताळणे यांसाठी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. ती प्रकल्पाकडे आहे का आणि तिच्यात आपले नाव आहे का, हे जाण्यापूर्वी विचारून घ्या. मोठ्या रणाचा बराच भाग सीमेलगत असल्याने तेथील परवाने वेगळे असतात. आणि थोडी गुजराती व कच्छी शिका. मालधाऱ्यांशी, म्हणजे तेथील पशुपालकांशी, त्यांच्या भाषेत चार वाक्ये बोलता आली तर जे कळेल ते कोणत्याही उपकरणाने कळणार नाही.

मानधनाबद्दल मात्र स्पष्ट बोला. राहणे, जेवण, प्रवास आणि विमा यांची लेखी सोय नसेल, तर काम कितीही सुंदर असो, होकार देऊ नका.

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. जानेवारीत रण पाहिले. पावसाळ्यात तेथे येणारे एवढे पाणी वाया जाते हे पाहून वाईट वाटले. खाडीच्या तोंडाशी बांध घातला तर गोड्या पाण्याचे विशाल सरोवर होईल, पक्ष्यांनाही वर्षभर पाणी मिळेल. आपल्या लेखातील भूमिका मला समजली नाही. — एक वाचक, जळगाव

आपला प्रश्न मनापासूनचा आहे आणि तो विचारणारे आपण एकटे नाही. सूरजबारीच्या पुलापाशी समुद्राचा मार्ग अडवून छोट्या रणाचे गोड्या पाण्याचे सरोवर करावे, असा प्रस्ताव यापूर्वी जाहीरपणे मांडला गेलेला आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

छोटे रण सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचे आहे आणि बहुतेक सगळे सपाट आहे. पावसाळ्यात दोन बाजूंनी पाणी येते. नैर्ऋत्येचे वारे कच्छच्या आखातातील खारे पाणी सूरजबारीच्या खाडीतून आत ढकलतात आणि बनास, रूपेण यांसारख्या नद्या गोडे पाणी आणतात. दोन्ही पाणी मिसळून पसरते, पण त्याची खोली फारच थोडी असते. त्यातून जी उंचवट्याची जमीन वर राहते तिला तेथेही बेट असेच म्हणतात. कच्छचे वार्षिक पर्जन्यमान सरासरीने चारशे मिलिमीटरच्या आसपास, तर उघड्या पाण्यावरून वर्षभरात होणारे बाष्पीभवन त्याच्या कित्येक पटींनी अधिक. आपण अभियंता आहात. इतक्या पसरट आणि उथळ पात्रात साठवलेल्या पाण्याचे काय होईल हे गणित माझ्यापेक्षा आपण चटकन मांडाल. बाहेरून पाणी ओतत राहिल्याशिवाय ते सरोवर टिकणार नाही, आणि जमिनीत मीठ असल्याने जे टिकेल ते फार काळ गोडेही राहणार नाही.

आता जीवांचे पाहू. जे पाणी आपल्याला वाया गेलेले दिसते ते आटता आटता एकामागून एक वेगवेगळ्या जीवांना पोसत जाते. सुरुवातीच्या गोड्या, मचूळ पाण्यात पाणवनस्पती आणि कीटकांच्या अळ्या वाढतात. तेव्हा बदके उतरतात. पाणी उतरले की उघड्या पडलेल्या चिखलात चोच खुपसणारे तुतारी आणि पाणलावे येतात. पाणी आणखी खारट झाले की मासे तग धरू शकत नाहीत, आणि नेमक्या त्याच वेळी मासे नसल्यामुळे खाऱ्या पाण्यातील इवल्या कोळंब्या आणि नीलहरित शैवाल अमाप वाढतात. रोहित, म्हणजे आपण ज्यांना फ्लेमिंगो म्हणतो ते पक्षी, यांवर जगतात. पुढे सगळे आटते आणि मरून गेल्यासारखे दिसते, पण त्या भेगाळलेल्या मातीत कोळंब्यांची कठीण कवचाची अंडी आणि वनस्पतींचे बी वर्षानुवर्षे जिवंत पडून राहते. कोरड्या काळात चिखलातील कुजका पाला हवेच्या संपर्कात येऊन त्यातील पोषक द्रव्ये मोकळी होतात आणि पुढच्या पावसाचे पाणी शिरताच जीवसृष्टीचा जो एकाएकी बहर येतो तो त्यांच्याच जोरावर. बारमाही पाणी ठेवले तर हे चक्र थांबते. पाणी गोडे राहिले तर पाणकणसाचे रान माजते, मासे कोळंब्यांचा फडशा पाडतात, आणि आज ज्या पक्ष्यांसाठी आपण बांध घालू म्हणतो त्यांनाच तेथे खायला उरत नाही.

माणसांचेही याच चक्राशी पोट बांधलेले आहे. मेटापेनियस कचेन्सिस या कोळंबीची पिल्ले भरतीच्या पाण्याबरोबर आखातातून छोट्या रणात येतात, पावसाळ्यात तेथे वाढतात आणि पावसाळा सरता सरता ओहोटीबरोबर समुद्राकडे निघतात. सूरजबारीच्या परिसरातील मच्छीमार त्या परतीच्या वाटेवर जाळी लावतात. पाणी ओसरले की अगरिया कुटुंबे रणात जातात, जमिनीखालचे खारट पाणी उपसून उन्हाळ्यापर्यंत मीठ पिकवतात. म्हणजे एकाच जमिनीवर पावसाळ्यात कोळंबी आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात मीठ. कालव्याचे जादा पाणी अवेळी रणात शिरून मिठागरे बुडाल्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत घडले आहेत. ते पाहिल्यावर, नको त्या वेळी आलेले गोडे पाणीही नुकसान करते, हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि बेटांवर चरणारे घुडखर, म्हणजे रानगाढवे? 1960च्या दशकाच्या अखेरीस त्यांची संख्या काही शेकड्यांवर आली होती. 2024च्या गणनेत ती 7,672 भरली. त्यांची ही भूमी सरोवराखाली घालायची का, याचेही उत्तर द्यावे लागेल.

कोरडे पडणे चांगले म्हणजे केव्हाही कोरडे पडणे चांगले, असा मात्र याचा अर्थ नाही. रोहित पक्षी चिखलाचे शंकूसारखे घरटे करून त्यावर एकच अंडे घालतात, ते उबवायला महिनाभर लागतो आणि त्यानंतरही पिल्लू उडू लागेपर्यंत घरट्यांच्या वसाहतीभोवती पाणी हवे असते; ते वेळेआधी आटले तर कोल्ही-कुत्री चालत आत येतात. डॉ. सालिम अली यांनी 1945 मध्ये मोठ्या रणातील ‘फ्लेमिंगो सिटी’ला भेट देऊन तेथे सुमारे पाच लाख रोहित असल्याचा अंदाज केला होता. एवढी मोठी वीण दरवर्षी होत नाही. पाऊस आणि वारा यांचा मेळ बसतो तेव्हाच होते. पाणी अडवण्याचा विचार करायचाच असेल तर वरच्या अंगाला आपण आधीच जे अडवले आहे त्याचा करावा. कच्छच्या डोंगरांतून उत्तरेला बन्नीकडे वाहणाऱ्या नद्यांवर धरणे झाल्यापासून बन्नीला मिळणारे पुराचे पाणी घटले आणि तेथील क्षार धुतले जाईनासे झाले. त्या धरणांतून पावसाळ्यात ठरावीक पाणी खाली सोडण्याचा आराखडा आपल्यासारख्या अनुभवी माणसाने करून दिला, तर ते काम कोणत्याही नव्या बांधापेक्षा मोठे ठरेल, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्याकडे माळावर वेडी बाभूळ फार आहे. ती तोडावी की ठेवावी यावर शाळेत मुलांनी वाद घातला. बन्नीत ती काढतात असे वाचले. पण झाड तोडून निसर्ग कसा सुधारेल? — एक शिक्षिका, मंगळवेढा

मुलांनी वाद घातला हे फार चांगले झाले, कारण या प्रश्नाला दोन्ही बाजू खरोखर आहेत. ही बाभूळ मूळची अमेरिका खंडातील. बन्नीत ती 1960च्या दशकात, रणाचा खारेपणा गवताळ भागात सरकू नये म्हणून, सरकारी पातळीवर मुद्दाम लावली गेली. गुजरातीत तिला गांडो बावळ म्हणतात. आपल्या नावाचा अर्थही तोच. जनावरे तिच्या गोड शेंगा खातात, बिया शेणातून जशाच्या तशा बाहेर पडतात आणि शेणाच्या ओलाव्यात रुजतात. अशा रीतीने गुरांच्या वाटांनी ती पसरली, ढंढांच्या काठांवर आणि कोरड्या तळांवर चढली आणि आशियातील उत्तम गवताळ प्रदेशांत गणल्या जाणाऱ्या बन्नीच्या मोठ्या भागाचे काटवन झाले.

मालधाऱ्यांचे विरडे हा यातला माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. पावसाचे गोडे पाणी खाऱ्या भूजलापेक्षा हलके असल्याने सखल जागी जमिनीत मुरून त्याच्यावर थर करून राहते. मालधारी त्या नेमक्या खोलीपर्यंत उथळ खड्डा खणतात, लाकूड आणि गवताने त्याचे काठ धरून ठेवतात आणि गोडे पाणी अलगद उपसतात. अधिक खणले तर खारे पाणी वर येते. आपल्याकडे नदीच्या वाळूत झिरा खणतात त्याच जातीची, पण कितीतरी नाजूक अशी ही विद्या आहे. खोल मुळांची बाभूळ सखल जागांभोवती माजते तेव्हा त्या पातळ थरातील पाण्यात ती वाटेकरी होते.

म्हणून तेथे ती काढतात. पण नुसती तोडून उपयोग नसतो. बुंध्यापासून तोडलेल्या बाभळीला वर्षाच्या आत अनेक फांद्या फुटून झुडूप आधीपेक्षा दाट होते. जमिनीखालचा गड्डा मुळापासून उपटावा लागतो, लगेच त्या जागी स्थानिक गवतांचे बी पेरावे लागते आणि पुढची काही वर्षे नवी रोपे हाताने उपटत राहावे लागते. पिलू आणि देशी बाभूळ या मूळच्या झाडांना हात लावायचा नाही. कामाचा हंगामही ठरलेला असतो: क्रौंच निघून गेल्यानंतर आणि पावसाच्या आधी, तेही जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची पाहणी करूनच. आणि या बाभळीच्या कोळशावर आज अनेक गरीब कुटुंबांची चूल पेटते, हे विसरून केलेली कोणतीही मोहीम टिकणार नाही.

आपल्या माळावर मूळ गवत होते का, हे मुलांना गावातील वृद्ध मेंढपाळांकडून विचारून घ्यायला सांगा. उत्तर होय असेल तर शाळेने एक गुंठा निवडून वर सांगितल्याप्रमाणे करून पाहावे.

प्रश्न : आमच्या खाडीत दरवर्षी येणारे फ्लेमिंगो कच्छचेच असतात का? मग कच्छ सांभाळले की झाले, नाही का? — एक वाचक, वाशी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी होय असे आहे. ठाण्याच्या खाडीत मोठ्या संख्येने येणारा छोटा रोहित भारतात वीण करतो तो कच्छच्या रणांत. मुंबईत तो खायला येतो, घरटे करायला नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी 2022 मध्ये खाडीतील काही रोहित पक्ष्यांवर उपग्रहाद्वारे माग देणारी यंत्रे बसवली आणि येथून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंतचा त्यांचा प्रवास नोंदला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही. रण आटते तेव्हा या पक्ष्यांना दुसरीकडे चिखल आणि शैवाल मिळाले पाहिजे, म्हणूनच ते आपल्या दारी येतात. ठाणे खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, तरी भरतीच्या वेळी खाडीतला चिखल बुडाला की हे पक्षी विसाव्यासाठी आसपासच्या तळ्यांत जातात आणि त्यांतील काही तळी अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. त्यांतील भरती-ओहोटीचे पाणी अडले की तळे सुकते आणि पक्ष्यांची एक जागा कमी होते. रणात पाणी अडवणे घातक, तर वाशी-नेरूळच्या बाजूला पाण्याचा मार्ग बंद करणे घातक. दोन्हीकडे मोडते ते पाण्याचे वेळापत्रकच.

प्रश्न : 2019 मध्ये सांभर सरोवरात हजारो पक्षी मेले. मीठ वाढल्यामुळे मेले असे तेव्हा ऐकले होते. आटणारी पाणथळ पक्ष्यांना धोक्याची नाही का? — एक वाचक, जयपूर

त्या नोव्हेंबरमध्ये सांभरला अठरा हजारांहून अधिक पक्षी मेले आणि तपासणीत त्याचे कारण बॉट्युलिझम ही विषबाधा असल्याचे निष्पन्न झाले. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू चिखलात निद्रिस्त पडून असतात. उबदार आणि प्राणवायू नसलेल्या कुजक्या थरात ते वाढून विष तयार करतात. पक्षी मरतो, त्याच्या शवात अळ्या पडतात, विष त्या अळ्यांत साठते पण त्यांना बाधत नाही. दुसरा पक्षी त्या अळ्या खातो आणि मरतो. एका शवातून अनेक शवे अशी ही साखळी वाढत जाते. बाधित पक्ष्याचे पाय आणि पंख आधी लुळे पडतात आणि मग मान धरवत नाही.

आटणे हा यातला एक घटक असू शकतो, पण निर्णायक गोष्ट म्हणजे शवे किती लवकर उचलली जातात. म्हणून हंगामी पाहणी करणाऱ्याला मी नेहमी सांगतो की, एका जागी पाच-सहा मेलेले किंवा लुळे पक्षी दिसले तर त्याच दिवशी वनखात्याला आणि पशुवैद्यकांना कळवावे, ठिकाण आणि छायाचित्र द्यावे, आणि उघड्या हातांनी काहीही उचलू नये. नियमित फेरी असलेल्या जागी अशी साथ पहिल्या काही दिवसांत ध्यानात येते. नाशिकच्या वाचिकेच्या घरच्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे हेही एक उत्तर आहे.

प्रश्न : आम्ही लास व्हेगासला राहतो. येथून जवळच अ‍ॅश मेडोज हे अभयारण्य आहे. तेथे तर वाळवंटात बारमाही झरे वाहतात आणि ते वाहते ठेवण्यासाठीच सगळी धडपड चालते. मग आपला आटू देण्याचा नियम येथे कसा लागू करायचा? — एक वाचक, नेवाडा

नियम आटू देण्याचा नाही. जागेचे पाणी जागेच्या स्वभावाने वागू देण्याचा आहे, आणि अ‍ॅश मेडोज त्याचे उत्तम उदाहरण आहे. तेथील झऱ्यांचे पाणी हजारो वर्षांपूर्वी पाऊस आणि बर्फ होऊन पडलेले. चुनखडीच्या खडकांतून हळूहळू सरकत ते तेथे कोमट होऊन वर येते. ते पावसाबरोबर कमीजास्त होत नाही. म्हणूनच एकेका झऱ्यात, बाहेरच्या जगापासून तुटून, तेथेच आढळणारे मासे, गोगलगायी, कीटक आणि वनस्पती निर्माण झाल्या. जगात अन्यत्र न आढळणाऱ्या अशा दोन डझनांहून अधिक जाती तेथे आहेत. न्यूवुवी आणि टिंबिशा शोशोनी या मूळ रहिवाशांची ती भूमी. 1960च्या दशकात तेथील कार्सन स्लू या दलदलीतून पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, काढले गेले, मग शेतीसाठी झरे सरळ चरांत वळवले गेले आणि पंप बसले. पंपांमुळे जवळच्या डेव्हिल्स होल या खडकातील कुंडाची पातळी उतरू लागली. तेथील पपफिश हा तीन सेंटिमीटरपेक्षाही लहान मासा पाण्याखालच्या एका उथळ पायरीवर खातो आणि अंडी घालतो. ती पायरी उघडी पडली असती तर संपूर्ण जात संपली असती. 1976 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या पातळीला संरक्षण देणारा एकमुखी निकाल दिला. पुढे त्या परिसरात हजारो घरांची वसाहत होणार होती. ती जमीन संवर्धनासाठी विकत घेतली गेली आणि 1984 मध्ये अभयारण्य झाले.

तेथे आता चाललेले काम आपण जवळून पाहू शकता, याचा मला हेवा वाटतो. सरळ चर बुजवून झऱ्यांचे पाणी पुन्हा जुन्या नागमोडी पात्रांत सोडणे, काठांवर माजलेली परदेशी झाऊची झुडपे काढणे, बाहेरून आलेले झिंगे सापळे लावून पकडणे, ही ती कामे. तेथील एक चिमुकला पाणकीटक केवळ गोट्यांवरून खळखळत वाहणाऱ्या कोमट पाण्यातच जगतो. त्याच्यासाठी पाणी पुरेसे असणे पुरत नाही, ते वाहते असावे लागते. तेच पाणी तळ्यात साठवले की तो नाहीसा होतो. कच्छमध्ये जो दोष बांधाचा, तोच येथे तळ्याचा.

डेव्हिल्स होलमधील मोजणीची चिकाटीही पाहण्यासारखी आहे. वसंत आणि शरद ऋतूंत पाणबुडे आत उतरून आणि काही जण वरून मासे मोजतात. 2013च्या वसंतात अवघे 35 मासे होते, 2024च्या वसंतात 191 झाले आणि 2025च्या आरंभी, दूरच्या भूकंपांनी कुंडात लाटा उठून पायरीवरचे शैवाल आणि अंडी धुऊन निघाल्यावर, पुन्हा 38 उरले. अकरा वर्षांची चढण काही महिन्यांत उतरली. शेजारीच त्या कुंडाची प्रतिकृती करून त्यात राखीव मासे वाढवले आहेत, म्हणून उमेद आहे. फलकयुक्त लाकडी पायवाटा आहेत, मुलांना घेऊन अवश्य जा. हिवाळ्यात जा, आणि पाण्यात हात घालू नका.

प्रश्न : रणात फ्लेमिंगोंची घरटी ड्रोनने चित्रित करण्याची इच्छा आहे. लांबूनच करीन. चालेल का? — एक वाचक, पुणे

चालणार नाही. अभयारण्यात आणि सीमेलगत त्यासाठी परवानगी लागते हे एक, आणि परवानगी असली तरी करू नये हे दुसरे. वसाहतीवर आवाज आला की मोठे पक्षी एकाच वेळी उठतात, चेंगराचेंगरीत अंडी घरट्यांवरून घरंगळतात आणि उघडी राहिलेली उन्हात तापतात. त्यापेक्षा डिसेंबरमध्ये छारी ढंढला जा, सूर्य मावळण्याच्या तासभर आधी काठापासून लांब बसा आणि तिवईवर दुर्बीण लावून कुंज उतरताना पाहा. पक्षी खाणे थांबवून मान वर करू लागले, तर आपण जास्त जवळ आलो आहोत असे समजून मागे सरका.